दुसरी बाही

आमच्या प्लाझातला कोपऱ्यावरचा गाळा माझा आहे. कागदोपत्री नाही. कागदोपत्री तिथं बबल टीचं दुकान आहे आणि शनिवारी त्यांच्या गिऱ्हाइकांच्या गाड्या माझ्या दारासमोर लागतात. पण ज्या बाईनं तो गाळा मला कबूल केला होता ती शब्द फिरवणारी नव्हती. म्हणून रोज सकाळी दुकान उघडताना मी त्या कोपऱ्याकडे एकदा रागानं बघते आणि मगच कुलूप काढते.

ती बाई म्हणजे आमची म्हातारी. सगळ्या प्लाझाची मालकीण. मूळची मॅसिडोनियाची. डेट्रॉइटच्या आसपास मॅसिडोनियन लोक पुष्कळ आहेत, पण इतकी वर्षं तिथल्याच नोव्हाय गावात काढूनही मला त्याचा पत्ता नव्हता. तो देश नकाशावर दाखव म्हटलं असतं तर मी बोट कुठंही ठेवलं असतं. तिच्या नवऱ्यानं आधी दुसऱ्याच्या डायनरमध्ये भांडी घासली, मग स्वतःचं डायनर काढलं आणि शेवटी ते डायनर ज्या प्लाझात होतं तो प्लाझाच घेतला. नवरा गेल्यावर डायनर विकलं, पण प्लाझा तिनं कुणाच्या हाती दिला नाही. चाकांचा वॉकर ढकलत रोज एक चक्कर मारायची. वॉकरला एक कापडी पिशवी अडकवलेली. ती पिशवी कुणी हलवायची नाही.

भाडेकरूंची नावं ती लक्षात ठेवत नसे. जो जे विकतो तेच त्याचं नाव. पिझ्झावाला 'पिझ्झा'. मॅनिक्युअर करणारी व्हिएतनामी बाई 'नखं'. टॅक्स भरून देणारा गुजराती माणूस 'टॅक्स'. मी 'साडी'. पार्किंगच्या त्या टोकावरून हाक यायची.

"ए साडी! तुझ्या दारातला बर्फ कोण काढणार, मी?"

"हो, तुम्हीच. लीजमध्ये लिहिलंय."

"लीज मीच लिहिलंय. मला शिकवतेस काय लिहिलंय ते?"

आमचं बोलणं इंग्रजीत. दोघींचंही मोडकं, पण वेगवेगळ्या ठिकाणी मोडलेलं, त्यामुळे दोघींचं मिळून एक धड व्हायचं. भांडण मात्र कधी अडलं नाही. हीटिंगच्या थर्मोस्टॅटवर तिनं कुलूपवाली पेटी बसवली होती आणि किल्ली गळ्यात क्रॉसशेजारी घालायची. जानेवारीत माझी गिऱ्हाइकं ट्रायल रूममध्ये कुडकुडायची. मी ओरडायचे, ती दुप्पट ओरडायची. मग पिझ्झावाला मध्ये पडून आम्हाला कॉफी द्यायचा आणि आम्ही दोघी मिळून त्याच्या कॉफीला नावं ठेवायचो.

मी सोलापूरची. नवऱ्याची गाडीच्या कंपनीतली नोकरी सुटली तेव्हा बेसमेंटमध्ये ब्लाऊज शिवायला बसले. त्याला दुसरी नोकरी मिळाली तरी मी उठले नाही. गाळा बघायला पहिल्यांदा गेले तेव्हा मुद्दाम भारी साडी नेसले होते, समोरच्याला कळावं आपण कोण ते. म्हातारीनं माझ्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही. वाकली, पदराचं टोक धरलं, उलटं केलं आणि डोळ्यांशी नेलं. डोळ्यांशी म्हणजे डोळ्यांच्या कडेशी. मान तिरकी करून, कोंबडी बघते तसं. नंतर कळलं की तिला मधलं दिसतच नव्हतं. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, खांदे दिसायचे, चेहऱ्याच्या जागी भुरकट डाग.

"मशीन," ती म्हणाली आणि पदर सोडून दिला. भाजी नासकी निघावी तसं तोंड केलं.

माझं डोकंच फिरलं. गाळा गेला खड्ड्यात, म्हटलं. तशीच गाडीत बसून घरी आले, ट्रंक उघडली आणि मावशीची जुनी इरकली घेऊन परत गेले. माझ्या मावशीनं तिच्या पदरावर हातानं कशिदा काढला होता. कापडाचे धागे मोजून काढतात तो, दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा, एकही गाठ नसलेला. तो पदर म्हातारीच्या पुढ्यात आपटला.

तिनं उलटा केला. सुलटा केला. परत उलटा केला. बोटांनी चाचपत राहिली, आंधळी माणसं वाचतात तशी. मग पहिल्यांदा मान वर करून विचारलं, "हे तू काढलंस?"

"मावशीनं. पण मला मोजता येतं."

"मोजता येतं," ती स्वतःशीच म्हणाली. आणि गाळा मला दिला. मधला, शेजारच्या लाँड्रीच्या यंत्रांच्या भिंतीला लागून असलेला. भाड्यात एक पैसा कमी केला नाही. मी घासाघीस करायला तोंड उघडलं तर म्हणाली, "तू छान मोजतेस, साडी. पण मीही मोजते."

कुणाच्याही कपड्याची उलटी बाजू बघायची तिची ही सवय सगळ्या गावाला माहीत होती. बँकेतल्या मॅनेजरच्या कोटाची बाही, पोस्टमनच्या जॅकेटची कड, चर्चमधल्या पाद्र्याचा झगा, काही सोडायची नाही. सुलट्या बाजूला माणूस खोटं बोलू शकतो, उलट्या बाजूला नाही, असं तिचं म्हणणं. त्यांच्याकडे भरतकाम करतातच मुळी उलट्या बाजूनं. कापड पालथं धरायचं, धागे मोजत लोकर भरत जायची, आणि सुलटी बाजू काम झाल्यावर बघायची.

दुसरं तिचं म्हणणं असं की बाई वाचता आली पाहिजे. तिच्या गावाकडे डोंगरातून कुणी बाई खाली उतरताना दिसली की लांबूनच कळायचं. बाह्यांवर लाल गच्च भरलंय म्हणजे नवी नवरी. लाल कमी होऊन काळं वाढलं म्हणजे दोन-तीन लेकरांची आई. नुसती काळी रेघ म्हणजे म्हातारी, नाहीतर विधवा. नक्षी कुठली आहे त्यावरून गाव. कंबरेला काय बांधलंय त्यावरून घर. जवळ यायच्या आत ठरलेलं असायचं, हिला काय म्हणून हाक मारायची आणि हिच्यासमोर कशाचा विषय काढायचा नाही.

"आणि इथं बघ," ती माझ्या काउंटरशेजारी खुर्ची टाकून बसायची आणि काचेतून दाखवायची. "सगळ्या कोऱ्या. काळी लेगिंग, काळी लेगिंग, काळी लेगिंग. ही कुणाची? हिचा नवरा मेला की हिनं आत्ताच लग्न केलंय? मी हिला हसून बोलू की हळू बोलू?"

आमच्या काकवा तिला फार आवडायच्या. मंगळसूत्र, हिरव्या बांगड्या, जोडवी असलेली कुणी आली की मला खूण करायची, "ही वाचता येते." अमेरिकेत जन्मलेल्या पोरी आल्या की वैतागायची. एकदा एक पोरगी मैत्रिणीच्या लग्नासाठी लेहेंगा घालून बघत होती. म्हातारीनं वॉकर आडवा घातला.

"कुठलं गाव?"

"अं... कँटन?"

"कँटन गाव नाही. कँटनमध्ये कॉस्टको आहे. गाव कुठलं?"

"मॉम इज फ्रॉम पुणे, डॅड इज फ्रॉम नागपूर... सो, आय डोंट नो, बोथ?"

"मग ह्याच्यावर कुठं आहे पुणे?" म्हातारीनं लेहेंग्याची कड उलटी केली. "कुठं आहे नागपूर? हे तर कुठलंच नाही."

पोरगी रडकुंडीला आली. "मावशी, इज शी ओके?" मला विचारते. मी म्हातारीला आत नेऊन बसवलं आणि चांगली झापली. गिऱ्हाईक गेलं तर भाडं कुठून देऊ, म्हटलं. ती म्हणाली, "गिऱ्हाईक येईल परत." आली. आजीची नऊवारी घेऊन आली, म्हणाली ह्याचं काहीतरी शिवून द्या. म्हातारी चार दिवस माझ्याकडे बघून मिशीत हसत होती. मिशी होतीच तिला थोडी.

त्या कापडी पिशवीत काय आहे ते तिनं मला उशिरा दाखवलं. कोपऱ्यातला बूटवाला उठून गेला त्या आठवड्यात. मी लगेच तिच्याकडे गेले होते, कारण तो गाळा म्हणजे दोन्ही रस्त्यांवरून दिसणारी काच, मोठं पार्किंग आणि लाँड्रीचा खडखडाट नाही. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि पिशवीतून एक कापड काढून माझ्या कटिंगच्या टेबलावर पसरलं.

तो सदरा होता. त्यांच्या बायकांचा लांब, सरळ कापलेला, झबल्यासारखा, कुठं मापाला बेतलेला नाही. हातमागाचं जाड कापड, तिच्या आईनं विणलेलं. खालची कड आणि एक बाही अशी भरली होती की आत हात नसतानाही बाही टेबलावर उभी राहिली असती. गडद लाल, काळा, मध्ये कुठंतरी नारिंगी आणि हिरव्याचा एखादा थेंब. मी आयुष्यभर भरतकाम विकत आलेय. तरी मी आधी ती बाही उलटी करून बघितली.

दुसरी बाही अर्धवट होती. दंडापर्यंत नक्षी, पुढं कोरं कापड.

तिच्या गावात प्रत्येक मुलगी लग्नाचा सदरा स्वतः भरते. लहानपणी सुरू करते, लग्नापर्यंत पुरा करते. लग्नात घालते, पहिली काही वर्षं सणाला घालते, मग पेटीत ठेवते. मेल्यावर तोच अंगात घालून पुरतात. ही सतरा वर्षांची असताना अमेरिकेतल्या काकानं स्थळ आणलं. फोटो बघून ठरलं, विमानाचं तिकीट आलं. दुसरी बाही राहिली. आई म्हणाली, तिथं जाऊन पुरी कर. इथं आली ती डायनरच्या मोरीत उभी राहिली. लग्न लागलं ते कुठल्याशा चुलत नणंदेच्या पांढऱ्या गाउनमध्ये.

"पांढरा," ती म्हणाली. "कोरा. माझ्याच लग्नात मला कुणी वाचू शकलं नसतं."

मग मुलं, मग धंदा, मग नवऱ्याचं आजारपण. हातात सुई घेतली तेव्हा डोळ्यातलं मधलं गेलेलं.

"माझी आई तिकडे वाट बघत असेल," तिनं वर बोट केलं. "तिनं मला सतरा वर्षांची बघितलीये. हे तोंड ती ओळखणार आहे का? बाही ओळखेल. कापड तिचं, नक्षी तिनं शिकवलेली. पण एक बाही घेऊन कशी जाऊ? अर्धी नवरी?"

मी धंदेवाली बाई. म्हटलं, "द्या माझ्याकडे. पंधरा दिवसांत अशी भरून देते की उलटी बाजूसुद्धा कळणार नाही."

"मग तुझी आई तुला ओळखेल," ती म्हणाली. "माझी मला कशी ओळखेल?"

सौदा तिनंच मांडला. सुई तिची, डोळे माझे. मी शेजारी बसून धागे मोजायचे, कुठं सुई घालायची ते सांगायचं, सुईत लोकर ओवून द्यायची. टाका मात्र प्रत्येक तिनंच घालायचा. आणि दुसरी बाही पुरी झाली की कोपऱ्यातला गाळा माझा. तोवर रिकामा ठेवीन, म्हणाली. पिझ्झावाल्याला बोलावून त्याच्यासमोर माझा हात हातात घेतला आणि इतक्या जोरात दाबला की अंगठी रुतली. मुलालाही फोन करून सांगितलं. तिचा मुलगा दातांचा डॉक्टर, सज्जन माणूस, जवळच ट्रॉयला राहतो. स्पीकरवर म्हणाला, "मॉम, रिकामा गाळा म्हणजे नुकसान आहे." ती म्हणाली, "नुकसान माझं आहे. तू दात बघ."

मग आमचं ते काम सुरू झालं. दुपारची दोन-अडीचची वेळ, गिऱ्हाईक नसायचं. मी मराठीत मोजायचे, मला दुसऱ्या कुठल्या भाषेत मोजताच येत नाही. ती दहापर्यंत मराठी शिकली, अकराव्याला परत एकवर यायची. "तीन वर, चार सोडून," मी सांगायचे. ती बोटानं चाचपायची आणि म्हणायची, "तीन नाही, चार. तू झोपलीयेस, साडी." मी मोजून दाखवायचे. कधी ती बरोबर असायची, कधी मी. चूक जिची असेल तिनं कॉफी आणायची. चूक झालेला टाका ती उसवायची आणि पुन्हा घालायची. गिऱ्हाईक आलं आणि मी उठले की सुई हवेत धरून तशीच बसून राहायची.

लोकर संपली तेव्हा मोठी पंचाईत झाली. आईनं रंगवलेली शेवटची लडी बाहीच्या कोपरापर्यंत पुरली. मी तिला क्राफ्टच्या दुकानात घेऊन गेले. तिथं लाल लोकरीच्या लडींनी भरलेल्या एका भिंतीसमोर ती वॉकर रोवून उभी राहिली आणि एकेक लडी डोळ्याच्या कडेशी नेऊन खाली टाकायला लागली. "लिपस्टिक. आगीचा बंब. कोकाकोला." दुकानातली पोरगी मागून उचलत होती. मी विचारलं, तुमच्याकडे कशानं रंगवायचे? म्हणाली, एक मूळ असतं. वाळवायचं, कुटायचं, लोकरीबरोबर उकळायचं. तिनं वासाचं आणि रंगाचं जे वर्णन केलं ते ऐकता ऐकता माझी ट्यूब पेटली. तिला तशीच गाडीत घालून इंडियन ग्रोसरीत नेलं आणि आयुर्वेदाच्या रॅकवरून मंजिष्ठेच्या मुळाची पावडर काढून तिच्या नाकाखाली धरली.

तिनं वास घेतला. परत घेतला. "हे तुम्ही कशाला वापरता?"

"तोंडाला लावतात. रंग उजळायला."

"लाल रंग तोंडाला लावून गोऱ्या होता?" ती हसायला लागली ती कॅश काउंटरपर्यंत हसत होती. मी तुरटी घेतली, पांढरी लोकर घेतली आणि माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत हॉट प्लेटवर दोघींनी भट्टी लावली. पहिली लडी विटकरी झाली, दुसरी गाजरासारखी. पिझ्झावाला येऊन म्हणाला, "माझी गिऱ्हाइकं विचारतायत मेलंय काय." म्हातारीनं त्याला लाकडी डाव दाखवून हाकलला. तिसऱ्या खेपेला तिनं पाणी उकळूच दिलं नाही, बोट घालून सारखी गरमी बघत राहिली. ती लडी वाळल्यावर तिनं जुन्या बाहीवर ठेवली आणि मला म्हणाली, "मला सांग. मला मधलं दिसत नाही. सारखं आहे?"

मी दाराच्या उजेडात नेऊन बघितलं. केसाएवढा फरक होता. मी म्हटलं, "आहे फरक. थोडा उजळ आहे."

"चालेल," ती म्हणाली. "आईला कळेल, ही बाही मी अमेरिकेत आल्यावर केली." आणि माझ्या गालाला लाल हात लावला. तो डाग दोन दिवस गेला नाही.

दुसरी बाही पुरी झाली तेव्हा तिनं सदऱ्याच्या दोन्ही शिवणीही स्वतःच्या हातानं घातल्या, उशीच्या अभ्र्यात तो घडी करून ठेवला आणि मुलाला घरी बोलावून सांगितलं, "मला हा घालायचा." मी तिथं होते. तो म्हणाला, "येस, मॉम." गाळ्याचं मात्र पुढच्या आठवड्यात करू म्हणाली. पुढच्या आठवड्यात तिला स्ट्रोक आला.

त्यानंतर ती बोलली नाही. एका नर्सिंग होममध्ये होती. मी डबा घेऊन जायचे, तिला गिळता यायचं नाही, मग मीच खाऊन यायचे. जाताना मुद्दाम भरलेल्या पदराची साडी नेसायचे. ती चांगला हात बाहेर काढून पदराची उलटी बाजू चाचपायची आणि मशीनचं असलं की सोडून द्यायची. तेवढं शाबूत होतं.

मुलाला मी गाळ्याचं विचारलं. तो नाही म्हणाला नाही. "मॉमनं शब्द दिला होता, मला माहीत आहे. पण टायमिंग बघा," असं म्हणत राहिला. बबल टीची मोठी कंपनी मागे लागली होती. मी पिझ्झावाल्याला साक्षीला उभं केलं, फोन केले, भांडले. आईचा शब्द त्याच्या गळ्यात काट्यासारखा अडकलेला होता. गिळताही येईना, थुंकताही येईना. असं चाललेलं असतानाच ती गेली.

फ्युनरल होममध्ये लोकांना दर्शनाला बोलावलं होतं त्याच्या बऱ्याच आधी मी पोचले. म्हातारी पेटीत झोपली होती. अंगात निळा सूट, ब्रोच, ओठांना लिपस्टिक. आणि पेटीच्या शेजारी स्टँडवर काचेची मोठी फ्रेम, तिच्यावर छोटा दिवा. फ्रेमच्या आत दोन्ही बाह्या पसरून तो सदरा.

मुलगा माझ्याजवळ आला. डोळे सुजलेले होते. "सुंदर झालीये ना फ्रेम? म्युझियमची काच आहे. रंग उडणार नाही."

"हा तिच्या अंगात का नाही?" मी विचारलं.

"इतकं काम... जमिनीत पुरायचं? माझ्या मुलांना कळायला नको आजी काय होती? चर्चच्या हॉलमध्ये लावायचं ठरलंय. सगळे बघतील."

"तिनं तुम्हाला सांगितलं होतं. माझ्यासमोर."

"मॉम पुष्कळ काही सांगायची," तो हळू म्हणाला. "थर्मोस्टॅटची किल्लीसुद्धा बरोबर द्या म्हणाली होती."

"मग तीही द्या!"

माझा आवाज चढला. फ्युनरल होमचा माणूस दारातून डोकावला. मुलाची बायको, तीही इथंच जन्मलेली, फ्रेमशेजारी उभी होती. मला माहीत होतं की ओरडून हा माणूस हलणार नाही. मी आवाज उतरवला आणि मला जे येतं ते केलं.

"सदरा तिला घाला," मी म्हटलं, "आणि कोपऱ्यातला गाळा मला द्या." सवय आहे. आधी दोन्ही मागायचं.

तो बघतच राहिला. "तुम्ही आत्ता, इथं, गाळ्याचं बोलताय?"

"मग एक काहीतरी द्या. सदरा तिला घाला. गाळा बबल टीला द्या. मी पुन्हा तोंडातून काढणार नाही. पिझ्झावालाही काढणार नाही. तुमच्या आईचा शब्द मी सोडला."

"हा गाळ्याचा प्रश्न नाहीये," तो म्हणाला.

"नाहीये ना? मग घाला सदरा. गाळा तरी पण ठेवा. तुम्हाला म्युझियमची काच कळते, मला एवढंच कळतं. तिची आई तिला ह्या निळ्या सुटात शोधणार आहे का?"

तो फ्रेमकडे बघायला लागला. म्हातारी जशी बघायची तसा, मान तिरकी करून. त्याला त्याचा पत्ता नसावा. मग बायकोकडे वळून म्हणाला, "फ्रेम खाली घे."

फ्रेमवाल्यानं सदरा पाठीमागच्या पुठ्ठ्याला दोऱ्यानं टाचला होता. माझ्या पर्समध्ये कातर असतेच. टाके कापले. फ्युनरलचा माणूस म्हणाला, आम्ही कपडे पाठीतून फाडून घालतो, सोपं पडतं. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो बाहेर गेला. सुनेनं आणि मी निळा सूट उतरवला. सरळ कापलेलं ढगळ कापड ते, कुठं अडलं नाही. सुनेनं मानेखाली हात दिला, मी एकेक हात बाहीत घातला. बाह्या इतक्या जड की घातल्यावर हात आपोआप छातीशी नीट बसले. लिपस्टिक सुनेनंच पुसली. मी सांगितलं नव्हतं.

मग लोक यायला लागले. आमच्या प्लाझातले आले. तिच्या चर्चमधले आले, डायनरची जुनी गिऱ्हाइकं आली. म्हाताऱ्या बायकांची एक रांगच होती. त्यातली एक, माझ्या कंबरेएवढी उंच, काळ्या रुमालातली, लेकीच्या दंडाला धरून पुढं आली. म्हातारीला ती डायनरवाली म्हणून ओळखत होती, तेवढंच. पेटीत वाकून बघितलं आणि हात बाहीवर ठेवला. मग एकदम मोठ्यांदा, गाणं आणि रडणं यांच्या मधल्या आवाजात बोलायला लागली.

"काय म्हणतायत?" मी लेकीला विचारलं.

लेक गोंधळली होती. "विचारतेय... 'अगं नवरी, कुणाची गं तू?' म्हणतेय, नदीच्या वरच्या गावची तू, मी खालच्या गावची. इतकी वर्षं तुझ्या काउंटरवर अंडी खाल्ली, तू सांगितलं का नाहीस?"

रुमालवाली बाई पेटीची कड धरून उभी राहिली आणि आता रडत नव्हती, नुसती बोलत होती, फाटकाशी उभं राहून शेजारणीशी बोलावं तशी.

"आता निरोप सांगतेय," लेक म्हणाली. "स्वतःच्या आईला, माझ्या आजीला. 'तू आज पोचशील, तर माझ्या आईला भेट. तिला सांग, गुडघा बदलून घेतलाय, आता दुखत नाही. सांग, भाऊ ऑस्ट्रेलियात बरा आहे. सांग, मीही माझ्याच सदऱ्यात येणार आहे...'" लेक थांबली. मग मला हळूच म्हणाली, "तिचा सदरा आहे, हे मला माहीतच नव्हतं. कुठं ठेवलाय कुणास ठाऊक."

"आजच विचारा," मी म्हटलं.

तोवर मागची दुसरी पुढं सरकली होती. तिनंही बाहीवर हात ठेवला. तिला बहिणीला काहीतरी सांगायचं होतं. तिच्यामागे तिसरी उभी, ओठ हलवत, काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करत. रांग पार दारापर्यंत तुंबली. फ्युनरल होमचा माणूस मुलाजवळ येऊन कानात म्हणाला, "सर, आपल्याला आता आवरतं घ्यावं लागेल. चर्चमध्ये वाट बघतायत."

मुलगा त्या बायकांकडे बघत होता. "थांबा जरा," तो म्हणाला. "माझ्या आईकडे लोकांना निरोप द्यायचेत."